खाच नीट, तर बाहुली नीट : किमेकोमी बाहुल्यांची जोडी घरी कशी घडवावी

किमेकोमी या जपानी बाहुलीला सुईदोरा लागत नाही. तिच्या अंगावरचा किमोनो शिवलेला नसतो आणि नुसता गुंडाळलेलाही नसतो. अंगावर बारीक खाचा कोरायच्या, कापडाच्या कडा त्या खाचांत दाबून बसवायच्या, एवढीच युक्ती. नीट केलेल्या बाहुलीत कापड कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं ते शोधूनही सापडत नाही. म्हणूनच नवशिक्या माणसाला कापड निवडण्याची घाई होते आणि खाचेकडे दुर्लक्ष होतं. या लेखात कापड बरंच उशिरा येईल, ते मुद्दामच.

ही कला उरल्यासुरल्या वस्तूंतून जन्मली. क्योतोच्या कामिगामो देवस्थानात गेनबुन काळात, म्हणजे 1736 ते 1741 च्या दरम्यान, ताकाहाशी तादाशिगे नावाचा एक सेवक होता. पूजेच्या पेट्या विलोच्या लाकडाच्या होत. त्यांतून उरलेल्या तुकड्यांवर त्याने छोट्या बाहुल्या कोरल्या आणि पुरोहितांच्या वस्त्रांच्या चिंध्या त्यांच्या खाचांत बसवल्या. तेव्हा त्यांना कामो बाहुल्या म्हणत, आणि त्या होत्याही अगदी लहान. पुढे ही कला एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला पोहोचली. मेइजी काळात (1868 ते 1912) योशिनो एइकिची आणि त्याच्यासारख्या कारागिरांनी लाकूड कोरण्याऐवजी भुश्याचा लगदा साच्यात दाबून अंग घडवायला सुरुवात केली. एका साच्यातून अनेक अंगं निघू लागली, बाहुल्या थोड्या स्वस्त झाल्या आणि घराघरांत गेल्या. ‘एदो किमेकोमी बाहुली’ला जपान सरकारने 1978 मध्ये पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला. साइतामा प्रांतातलं इवात्सुकी हे तर बाहुल्यांचंच गाव. त्या परिसरात किरीची (पावलोनियाची) झाडं भरपूर, त्यामुळे या झाडाचा हलका भुसा कारागिरांना सहज मिळे.

पहिल्या प्रयत्नासाठी ताचिबिना ही उभी जोडी निवडा. 3 मार्चच्या हिना मात्सुरीला, म्हणजे मुलींच्या सणाला, मांडतात त्या बाहुल्यांचा हा जुना प्रकार. याचं मूळ कागदी माणसांत आहे. अंगावरची इडापिडा कागदाच्या बाहुलीवर उतरवायची आणि ती पाण्यात सोडायची, असा तो विधी. तोत्तोरी प्रांतातल्या मोचिगासे गावात आजही बाहुल्या नदीत सोडल्या जातात. पुरुष बाहुली दोन्ही बाह्या पसरून उभी असते, तर स्त्री बाहुलीचे हात वस्त्रात झाकलेले असतात, म्हणून तिचं अंग जवळपास गोल नळीसारखंच असतं. बोटं नाहीत, पाय नाहीत, बसण्याची घडी नाही. पुरुष 12 सेंटिमीटर आणि स्त्री 10 सेंटिमीटर एवढा आकार पुरे. याहून लहान केलीत तर खाचा एकमेकींच्या इतक्या जवळ येतात की मधला काठ तुटतो.

वेळेचा अंदाज म्हणाल तर तीन ते चार आठवडे धरा. त्यातला मोठा भाग नुसता वाळवण्यात जातो.

पहिली पायरी : लगदा

अंग ज्या लगद्याचं होतं त्याला तोसो म्हणतात. किरीचा बारीक भुसा आणि गव्हाच्या स्टार्चची खळ, एवढेच त्याचे घटक. आपल्याकडे किरी मिळणं कठीण, पण सुताराकडचा सागवान सोडून कुठल्याही हलक्या लाकडाचा भुसा चालतो. सागाचा भुसा तेलकट असतो, खळ त्याला नीट धरत नाही. प्लायवुडचा भुसा तर घेऊच नका, त्यात रासायनिक चिकटवणं असतं. आणलेला भुसा आधी पिठाच्या चाळणीने चाळा, मग मलमलीतून. हे काम गच्चीवर किंवा अंगणात, तोंडाला फडकं बांधून करावं.

खळीसाठी कारागीर वापरतात ती शोफु-नोरी. ग्लुटेन काढून टाकलेलं गव्हाचं स्टार्च शिजवून ती करतात. कुरडया घरी होत असतील तर हे स्टार्च तुमच्या ओळखीचंच आहे, तो गव्हाचा चीक. वाळवलेला चीक दोन मोठे चमचे आणि पाणी एक कप घ्या. मंद आचेवर सतत ढवळत, पारदर्शक होईपर्यंत शिजवा. चीक नसेल तर मैद्याची खळ चालते, पण ती वाळताना जास्त आकसते. बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात ते किडीपासून बचावासाठी. मोरचूद विषारी आहे. घरात लहान मुलं असतील तर त्याऐवजी लवंगेच्या तेलाचे चार-पाच थेंब घाला.

खळ कोमट झाली की भुश्यात थोडी थोडी घालत मळत राहा. लगदा पुरीच्या कणकेइतका घट्ट हवा. पाणी जास्त झालं तर वाळताना अंग हमखास तडकतं, म्हणून मोह आवरा. मळलेला गोळा ओल्या फडक्यात दोन तास ठेवला की भुसा फुगतो आणि लगदा एकजीव होतो.

दुसरी पायरी : अंग

कारखान्यात आधी मातीचा मूळ नमुना होतो, त्यावरून दोन अर्धांचा साचा. लगदा दोन्ही अर्धांत दाबतात, कडांना खळ लावून अर्ध जुळवतात आणि अंग बाहेर काढतात. एकाच जोडीसाठी एवढा खटाटोप करण्यात अर्थ नाही, हातानेच घडवा.

मध्यभागी बांबूची काडी घ्या, तिच्याभोवती लगदा दाबत जा. स्त्रीचं अंग खाली किंचित रुंद, वर निमुळतं. पुढच्या बाजूला दोन्ही बाह्या एकमेकींवर आल्याचा हलका उठाव ठेवा. पुरुषाचं अंग चपटं असतं. पसरलेल्या बाह्या साधारण 1 सेंटिमीटर जाड ठेवा, याहून पातळ केल्या तर त्या वाकतात. बूड सपाट आणि रुंद हवं, नाहीतर बाहुली उभीच राहणार नाही. मानेच्या जागी काडी काढून भोक तसंच ठेवा, त्यात पुढे डोकं बसेल.

आता वाळवणं. उन्हात ठेवू नका. वरचा थर आधी सुकून आकसतो, आतला ओला राहतो आणि भेगा पडतात. सावलीत, वारं खेळेल अशा ठिकाणी, जाळीवर ठेवा आणि रोज बाजू बदला. कोरड्या हवेत आठवडा पुरेल, मुंबईत किंवा कोकणात त्याहून जास्त लागेल. पावसाळ्यात हे काम सुरूच करू नये, असं माझं मत. पूर्ण वाळलेलं अंग हातात हलकं लागतं आणि टिचकी मारली की टणक आवाज येतो.

भेगा पडल्या असतील तर त्याच लगद्यात जरा जास्त भुसा घालून बुजवा आणि पुन्हा वाळवा. मग 120 नंबरच्या आणि त्यानंतर 240 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. कापडाखाली झाकलं जाईल म्हणून उंचवटे सोडू नका. रेशीम पातळ असतं, खालचा प्रत्येक खडा वर दिसतो.

घासून झालं की अंगाला पांढऱ्या लेपाचा एक पातळ हात द्या. लेपाची कृती चेहऱ्याच्या पायरीत आहे. या हाताने भुसा सुटायचा थांबतो आणि खाचेच्या कडा धारदार राहतात.

तिसरी पायरी : खाचा

आधी पेन्सिलने संपूर्ण वस्त्र अंगावर काढा : गळपट्टी, समोरची एकावर एक येणारी पाखं, बाह्यांचे काठ, कंबरपट्टा, खालची किनार. आता एक गोष्ट दोनदा तपासा. किमोनोची घालणाऱ्याच्या डाव्या हाताची बाजू नेहमी वर येते. उजवी बाजू वर येते ती फक्त मृतदेहाला नेसवताना. आपण बाहुलीकडे समोरून बघत असतो, म्हणून इथे घोटाळा सहज होतो. तयार वस्त्र सुंदर असेल, पण जपानी माणसाला ती बाहुली पाहताच खटकेल.

खाच 2 ते 3 मिलिमीटर खोल आणि 1 ते दीड मिलिमीटर रुंद असावी. पातळ, टोकदार सुरीने दोन काप द्या, दोन्ही किंचित आत झुकलेले. मधली चिंधी अलगद काढून टाका. वळण आलं की सुरी न फिरवता अंग फिरवा, सुरीचा हात स्थिर राहू द्या. एका फटक्यात पूर्ण खोली गाठायचा प्रयत्न केला तर काठ उडतो. दोन-तीन वेळा हलके काप घेत जा.

नवशिक्यांच्या बाहुल्यांमध्ये खाच जवळजवळ नेहमी उथळ असते. उथळ खाचेत कापड आज बसतं आणि महिन्याभरात हवेतल्या ओलीने वर येतं. शिवाय बऱ्याच खाचांत एकाच नव्हे, दोन्ही बाजूंच्या कापडांच्या कडा येणार असतात, हे लक्षात ठेवा. तपासायची सोपी रीत अशी : वापरायच्या कापडाचा एक तुकडा दुहेरी घडी करून कोरड्या खाचेत दाबा. घडी पूर्ण आत गेली आणि उलटं धरल्यावरही पडली नाही, तर खाच बरोबर आहे. एवढं करायला अर्धा तास लागतो आणि पुढचे कित्येक तास वाचतात.

शेवटी कोरड्या ब्रशने खाचांतला भुसा झाडून काढा.

चौथी पायरी : चेहरा

कापड लावायच्या आधी डोकं तयार करून ठेवा. चेहऱ्याचे थर वाळायला वेळ लागतो, आणि रंगाचा थेंब रेशमावर पडला तर तो निघत नाही.

डोकं त्याच लगद्याचं, अंड्याच्या आकाराचं, काडीवर खोचलेलं. त्यावर पारंपरिक लेप असतो गोफुनचा. कालवांचे शिंपले वर्षानुवर्षं उघड्यावर ऊन-पावसात ठेवतात, मग दळून, पाण्यात निथळून त्यांची शुभ्र पूड करतात. ती निकावामध्ये, म्हणजे प्राण्यांच्या कातडीच्या सरसात, कालवतात. निहोंगा, म्हणजे पारंपरिक जपानी शैलीच्या चित्रकारांचाही पांढरा रंग हाच. त्याची चमक रंगाच्या डबीतून मिळत नाही. परदेशातून मागवता आली तर थोडी पूड मागवाच. नाहीतर रंगाच्या दुकानातली बारीक खडूची पूड आणि सुताराचा सरस घ्या. सरस नको असेल तर चिंचोक्याची खळ चालते, मात्र थर थोडा मऊ राहतो.

सरस 10 ग्रॅम, पाणी 100 मिलिलिटर. रात्रभर भिजवा, सकाळी गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून विरघळवा. उकळू देऊ नका, उकळलेल्या सरसाची पकड जाते. खलात पूड घेऊन त्यात सरस थेंबाथेंबाने घाला, मळून गोळा करा, मग कोमट पाण्याने साईइतका पातळ करून फडक्यातून गाळा.

पहिले थर जास्त सरसाचे, पुढचा प्रत्येक थर थोडा कमी सरसाचा. उलट केलंत तर वरचा कडक थर खालच्याला ओढतो आणि पापुद्रे सुटतात. कारागीर नाक आणि ओठही लेपाच्याच थेंबांनी उठवतात, मग सुरीने कोरून नेमके करतात. सहा-सात पातळ थर द्या, प्रत्येक थर वाळू द्या, मधून मधून ओल्या सुती फडक्याने अगदी हलकं पुसा. हा लेप पाण्यात विरघळतो, त्यामुळे ओल्या फडक्याने घासकामही होतं आणि जोर लागला तर नाकही जातं.

नाकडोळ्यांसाठी जुनी शैली वापरा : डोळा म्हणजे एक रेघ, नाक म्हणजे छोटा आकडा. हेइआन काळातल्या (794 ते 1185) चित्रगुंडाळ्यांत सरदार आणि राजस्त्रिया अशाच दिसतात. या शैलीला हिकिमे-कागिबाना म्हणतात. दिसते ती एक रेघ, पण ती काळ्या शाईच्या अतिशय पातळ, एकमेकींवर काढलेल्या अनेक रेघांची असते. गडद शाईने एकदाच ओढलेली रेघ कठोर दिसते. ब्रश सर्वांत बारीक घ्या, शाई पाणचट ठेवा, श्वास सोडताना हात चालवा. भुवया कपाळावर उंच, धूसर ठिपक्यांसारख्या. ओठांना लाल रंगाचा एक लहानसा ठिपका, दोन्ही ओठ रंगवू नका. केस पहिल्या बाहुलीला काळ्या रंगानेच करा. कारागीर डोक्यात खाच पाडून काळं रेशीम रोवतात, ते काम दुसऱ्या-तिसऱ्या जोडीसाठी राखून ठेवा.

पाचवी पायरी : कापड

जपानात किनरान हे जरीचं कापड किंवा चिरिमेन हे सुरकुतीचं रेशीम वापरतात. बरेच हौशी लोक आजीच्या जुन्या किमोनोचे तुकडे वापरतात, आणि तेच या कलेच्या मूळ स्वभावाला धरून आहे. आपल्याकडे जुन्या रेशमी साडीचं अंग उत्तम. खणाची बारीक नक्षी या आकाराला फार शोभते. पैठणीचा पदर मात्र नको. मोर 10 सेंटिमीटरच्या अंगावर मावत नाही, आणि जाड जर खाचेत वाकत नाही. पॉलिएस्टर टाळा, ते खाचेतून परत उसळतं. सैल विणीच्या कापडाला मागून पातळ कागद खळीने चिकटवून घ्या, म्हणजे धागे निघणार नाहीत.

रंगांत फार स्वातंत्र्य आहे. अनेक जुन्या ताचिबिनांवर पाइन वृक्ष आणि विस्टेरियाची फुलं एकत्र दिसतात. ते नाही जमलं तरी गळपट्टीची आतली पट्टी पांढरी ठेवा, तिच्यामुळे चेहरा उठतो.

आता कृती. पातळ कागद अंगाच्या एका भागावर ठेवा आणि खाचेवरून नख फिरवा, रेघ उमटेल. त्या रेघेबाहेर 7 मिलिमीटर जागा सोडून कापड कापा. धाग्याची उभी दिशा बाहुलीच्या उंचीशी जुळवा. चिकटवण्यासाठी कारागीर कानबाइको वापरतात, चिकट तांदळाच्या भाजक्या पिठाची ती लुकण असते. आपण घट्ट खळ किंवा फेव्हिकॉल वापरू शकतो, पण फक्त खाचेत. अंगाला लावलं तर रेशमावर डाग उमटतो आणि कापड पत्र्यासारखं कडक दिसतं.

क्रम आतून बाहेर : आधी पांढरी गळपट्टी, मग रंगीत गळपट्टी, मग उजवं पाखं, मग डावं, मग पाठ, बाह्या, आणि सगळ्यात शेवटी कंबरपट्टा. प्रत्येक तुकडा आधी सर्वांत लांब सरळ खाचेच्या मध्यावर दाबा. मग समोरच्या बाजूचा मध्य, मग कोपरे. मध्यापासून कोपऱ्याकडे गेलं की सुरकुत्या बाहेर ढकलल्या जातात. अर्धवट दाबून झालं की जास्तीचं कापड खाचेच्या काठापासून 3 मिलिमीटरवर कापा आणि उरलेलं पूर्ण आत ढकला. आतल्या वळणावर कापडाला छोटे काप द्या, बाहेरच्या वळणावर चुण्या खाचेच्या आतच विभागून घ्या. बाह्या किंवा पोट जरा फुगीर हवं असेल तर खाली कापसाचा अगदी पातळ थर घाला.

दाबायला कारागिरांकडे खास पाती असते. आपल्याला नखांच्या सेटमधली बोथट सळई किंवा चष्म्याचा छोटा स्क्रूड्रायव्हर पुरतो. धार असलेली वस्तू चालणार नाही, ती घडीवरच कापड कापते.

सर्व कापड बसलं की मानेत डोकं बसवा. चिकटवण्याआधी नुसतंच ठेवून लांबून बघा. हनुवटी किंचित खाली झुकली तर चेहरा शांत दिसतो, वर राहिली तर बाहुली उद्धट वाटते.

मांडणी आणि सांभाळ

फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून जोडी मांडतात आणि सण झाला की लगेच आवरतात. उशीर केला तर घरातल्या मुलीचं लग्न लांबतं, असं म्हणायची पद्धत आहे. जोडी कशी मांडायची यावर क्योतो आणि तोक्योचं एकमत नाही. क्योतोत पुरुष बघणाऱ्याच्या उजव्या हाताला, तोक्योकडे डाव्या हाताला.

चेहऱ्याला बोट लावू नका. तेल लागलं की डाग कायमचा, आणि ओल्या फडक्याने तर लेपच निघतो. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडा. ठेवताना चेहऱ्यावर मऊ टिश्यू, मग सुती कापड, मग लाकडी किंवा पुठ्ठ्याची पेटी. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि बुरशी येते. कीटकनाशक गोळ्या कुठल्याही एकाच प्रकारच्या ठेवा. कापूर आणि नॅप्थलीन एकत्र आले तर त्या वितळतात आणि रेशमावर डाग पडतात. पावसाळा संपला की एखाद्या कोरड्या दिवशी पेटी उघडून बाहुल्यांना सावलीत वारं द्या.

बाहुली जुनी होऊन मोडली, तर जपानात ती कचऱ्यात टाकत नाहीत. क्योतोचं होक्योजी मंदिर बाहुल्यांचं मंदिर म्हणूनच ओळखलं जातं. तिथे दर वर्षी 14 ऑक्टोबरला बाहुल्यांसाठी प्रार्थना होते आणि लोक आपल्या जुन्या बाहुल्या तिथे सोपवतात.

प्रत्यक्ष काम पाहायचं असेल तर इवात्सुकीत 2020 मध्ये बाहुल्यांचं स्वतंत्र संग्रहालय सुरू झालं आहे, आणि योकोहामालाही एक आहे. तेवढं लांब जाणं जमत नसेल तर दिल्लीच्या शंकर्स आंतरराष्ट्रीय बाहुली संग्रहालयात जपानी बाहुल्यांचा विभाग आहे. तिथे किंवा कुठेही किमेकोमी दिसली, तर आधी काखेतली आणि गळपट्टीच्या मागची खाच शोधा. त्या दोन जागा सर्वांत अवघड असतात, आणि तिथे कापडाची कड किंवा गोंदाचा डाग दिसला नाही तर कारागीर कसलेला आहे.